छोटी वाक्ये जोडू या



या महिन्याच्या भित्तिपत्रकात व्याकरणाचा कोपरा माझ्याकडे आला आहे. मागच्या वेळी विरामचिन्हे झाली. या वेळी विषय आहे वाक्ये जोडणे. गुरुजी म्हणाले, "पुस्तकातलं उतरवू नको. आपल्या गावातली वाक्यं घे." म्हणून मी गावातलीच घेतली आहेत.

आधी हा उतारा मोठ्याने वाचा.

आज पोळा आहे. बाबांनी बैल धुतले. बैलांच्या शिंगांना रंग लावला. बैलांच्या अंगावर झूल टाकली. आईने पुरणपोळी केली. बैलांना पुरणपोळी दिली. बैल तोरणाखाली उभे राहिले. तोरण तुटले. पोळा फुटला.

नऊ वाक्ये झाली. एकही चुकीचे नाही. शुद्धलेखन बरोबर, पूर्णविराम जागच्या जागी. पण वाचताना बंडी दगडांच्या वाटेने चालली आहे असे वाटते. धक्का बसतो, थांबते, पुन्हा धक्का बसतो. आता हेच जोडून वाचा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी झाली. सकाळी बाबांनी बैल नाल्यावर नेऊन धुतले, शिंगांना रंग लावला आणि अंगावर झूल टाकली. आईने केलेली पुरणपोळी खाऊ घातल्यावर आम्ही बैलांना तोरणाखाली घेऊन गेलो. तोरण तुटले. पोळा फुटला.

शेवटची दोन वाक्ये मी जोडली नाहीत. काऊन जोडली नाहीत? त्या वेळी सगळे ओरडतात, वाजंत्री वाजते, बैल उधळतात. तिथे कोणालाही लांब बोलायला वेळ नसतो. म्हणून ती तशीच ठेवली. सगळीच वाक्ये जोडायची असतात असे कोणी समजू नये.

आता मुख्य गोष्ट. वाक्य जोडणे म्हणजे मधला पूर्णविराम पुसून टाकणे नाही. दोन वाक्यांचे एकमेकांशी नाते काय, ते जोडणारा शब्द सांगतो. ही दोन वाक्ये घ्या.

पाऊस आला. शाळा सुटली.

'पाऊस आला आणि शाळा सुटली' म्हटले तर दोन्ही गोष्टी झाल्या एवढेच कळते.
'पाऊस आला म्हणून शाळा सुटली' म्हटले तर शाळा पावसाने सोडवली.
'पाऊस आला तेव्हा शाळा सुटली होती' म्हटले तर पावसाचा अन् शाळा सुटण्याचा संबंध नाही, आणि आपण सगळे वाटेत भिजलो.
'जर पाऊस आला तर शाळा सुटेल' म्हटले तर अजून काहीच झालेले नाही, फक्त मागच्या बाकावरची पोट्टी खिडकीतून ढगाकडे पाहून राहिली आहेत.

पाहा, पाऊस तोच आणि शाळाही तीच. मधला एक शब्द बदलला की गोष्ट बदलते. या शब्दांना उभयान्वयी अव्यये म्हणतात. नाव अवघड आहे, पण गुरुजींनी फोडून सांगितले. उभय म्हणजे दोन, अन्वय म्हणजे संबंध. दोघांचा संबंध लावणारा तो उभयान्वयी. अव्यय म्हणजे ज्याचे रूप बदलत नाही. बैलचे बैलाला होते, पण 'आणि'चे 'आणिला' होत नाही.

गुरुजींच्या कपाटात मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हे पुस्तक आहे. ते पहिल्यांदा १९११ साली छापले गेले. विटेएवढे जाड आहे. मी फक्त उचलून पाहिले.

माझी ताई आठवीत आहे. तिच्या पुस्तकात वाक्याचे तीन प्रकार आहेत. केवलवाक्य, संयुक्तवाक्य आणि मिश्रवाक्य. आपल्याला ते पुढच्या वर्गात येतील, पण समजायला कठीण नाहीत. 'बैल चरतो' हे केवलवाक्य. एकटा बैल, एकटे वाक्य. 'बैल चरतो आणि गाडीवान झोपतो' हे संयुक्तवाक्य. म्हणजे एका जुवाला जुंपलेली जोडी. दोन्ही बैल बरोबरीचे, कोणी कोणाच्या मागे नाही. 'आणि, किंवा, पण, म्हणून' यांनी अशी जोडी होते. मिश्रवाक्य मात्र गाय-वासरासारखे असते. 'गुरुजी म्हणाले की उद्या सहल आहे' यात 'गुरुजी म्हणाले' ही गाय, आणि 'उद्या सहल आहे' हे वासरू. वासरू गाईच्या मागे मागे येते. 'की, कारण, जेव्हा-तेव्हा, जर-तर, जो-तो' यांच्यामुळे वासरू गाईला धरून चालते. ताई म्हणाली, "परीक्षेत गाय-वासरू लिहू नको, मुख्य वाक्य अन् गौण वाक्य लिही." पण लक्षात राहायला गाय-वासरूच चांगले आहे.

आता जरा मोठे उदाहरण देते. ते आमच्या घरचे आहे.

गेल्या पावसाळ्यात नाल्याला पूर येऊन पाणी आमच्या वावरात शिरले. आबाजींना लिहिता येत नाही. बाबा कामावर गेले होते. म्हणून अर्ज लिहायचे काम माझ्याकडे आले. आबाजी बाजेवर बसून सांगू लागले.

"लिव्ह. नाल्याले पूर आला. वावरात पानी शिरलं. तीन दिवस पानी हटलं नाई. तूर पिवळी पडली. तूर वाळली. पंचनामा झाला नाई."

सगळी वाक्ये खरी होती. पण मी विचार केला, हा कागद जे साहेब वाचतील त्यांनी आमचे वावर पाहिलेले नाही. त्याच महिन्यात गावात दुसऱ्या काही वावरांत तुरीवर मर रोग आला होता. 'तूर वाळली' एवढेच वाचून त्यांना कसे कळावे की आमची तूर रोगाने नाही, पाण्याने गेली? पूर एका वाक्यात आणि तूर दुसऱ्या वाक्यात, मधात पूर्णविराम. मी विचारले, "आबाजी, तूर काऊन वाळली?"

आबाजी रागावले. "काऊन म्हंजे? पान्यानं वाळली! तीन दिवस मुळ्या पान्यात होत्या ना!"

तेच मला कागदावर पाहिजे होते. मग मी असे लिहिले.

नाल्याला पूर येऊन आमच्या शेतात पाणी शिरले व ते तीन दिवस न हटल्यामुळे तुरीच्या मुळ्या कुजून उभे पीक वाळले. परंतु अद्याप पंचनामा झालेला नाही, म्हणून तो लवकर करावा, ही विनंती.

आबाजींनी मला ते दोनदा वाचायला लावले. दुसऱ्यांदा ऐकल्यावर म्हणाले, "हाओ, आता आलं माह्यं म्हननं." मग अंगठा लावला. सहा वाक्यांची दोन झाली, पण त्यांचे म्हणणे कमी झाले नाही. उलट जे ते मनात धरून बसले होते, ते 'ल्यामुळे' या एवढ्याशा शेपटाने कागदावर आले. नंतर तलाठी येऊन पाहून गेले, पण पैसे अजून आले नाहीत. या वाक्यातला 'पण' आबाजी रोज म्हणतात.

आता त्या शेपटांबद्दल सांगते. आपल्या भाषेत जोडायला दर वेळी वेगळा शब्द लागत नाही. क्रियापदाचे शेपूट बदलले तरी काम होते. 'आला' पासून येऊन, आल्यावर, आल्यामुळे, येताना, आलेला, येणारा, इतके होते. 'झाडावर माकड बसले होते. माकडाने माझी भाकर नेली.' याचे 'झाडावर बसलेल्या माकडाने माझी भाकर नेली' होते. कुठेही आणि नाही, पण नाही. ताई म्हणते, असे जोडले तर ते पुन्हा केवलवाक्यच राहते, कारण पूर्ण क्रियापद एकच उरते.

यात एक गंमत आहे. ती पुस्तकात मला दिसली नाही, पण तुम्ही करून पाहा.

मी घरी गेले. मी दप्तर ठेवले. याचे 'मी घरी जाऊन दप्तर ठेवले' होते. छान झाले.

मी घरी गेले. आई रागावली. याचे 'मी घरी जाऊन आई रागावली' होते का? नाही होत. कानाला खडा लागतो. कोण घरी गेले, मी की आई? तिथे 'मी घरी गेल्यावर आई रागावली' असेच म्हणावे लागते.

म्हणजे दोन्ही कामे एकच माणूस करत असेल तर 'ऊन' लावावे, आणि दोन वेगळी माणसे असतील तर 'ल्यावर' लावावे. मी वीस वाक्ये करून पाहिली, प्रत्येक वेळी बरोबर आले. कोणी हुशार म्हणेल की तू अर्जात 'पूर येऊन पाणी शिरले' लिहिलेस, तिथे पूर वेगळा अन् पाणी वेगळे. मी हे गुरुजींना विचारले. ते म्हणाले, पूर, पाऊस, वारा अशा आपोआप होणाऱ्या गोष्टींत एकीतून दुसरी निघाली तर 'ऊन' चालते. नियम माणसांसाठी आहे.

जोडल्यामुळे 'तो कोण' हा घोटाळाही मिटतो. 'राजूने गणूला ढकलले. तो रडला.' कोण रडला? गणूच रडला असेल, पण आमच्या वर्गातला एक राजू असा आहे की ढकलून वरून तोच रडतो. 'राजूने ढकलल्यामुळे गणू रडला' असे लिहिले की भांडण संपले.

आता आपल्या जिल्ह्यातल्या थोर माणसाचे उदाहरण. संत गाडगेबाबांबद्दल वर्गात फळ्यावर ही वाक्ये होती.

गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी झाला. त्यांचे गाव शेंडगाव. शेंडगाव अमरावती जिल्ह्यात आहे. त्यांचे नाव डेबूजी होते. त्यांच्याजवळ मातीचे गाडगे असे. लोक त्यांना गाडगेबाबा म्हणत. ते गावात जात. ते खराट्याने गाव झाडत. ते रात्री कीर्तन करत. ते शाळेत शिकले नाहीत. अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

'ते' आणि 'त्यांचे' किती वेळा आले मोजा. नऊ वेळा. गुरुजींनी आमचे गट पाडले आणि जोडायला सांगितले. आमच्या गटाने असे जोडले.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेल्या डेबूजींजवळ नेहमी मातीचे गाडगे असे, म्हणून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. कोणत्याही गावात गेले की ते खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. ते शाळेत शिकले नाहीत, पण १९८३ साली सुरू झालेल्या अमरावतीच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे.

आता चारच वेळा आले. शेवटचे वाक्य पाहा. 'पण' काढून 'आणि' ठेवला तर वाक्य मेल्यासारखे होते. 'पण' ठेवला की वाचणारा क्षणभर थांबतो. एवढ्या मोठ्या विद्यापीठाला ज्यांचे नाव, ते स्वतः शाळेत बसलेच नव्हते! एका गटाने तिथे 'म्हणून' लावला. 'ते शाळेत शिकले नाहीत म्हणून विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.' सगळा वर्ग हसला. एक जण म्हणाला, "मंग आपुनही उद्यापासून नाई येत शाळेत!" गुरुजीही हसले, आणि म्हणाले की जोडणाऱ्या शब्दाने खोटेही बोलता येते, म्हणून तो बघून लावावा.

जास्त जोडले तरी वाईट होते. आमची आजी गोष्ट सांगते तिच्यात पूर्णविरामच नसतो. "एक राजा होता अन् मंग त्याले दोन रान्या होत्या अन् मंग एक रानी होती आवडती अन् मंग..." ऐकताना गोड लागते, कारण आजी डोळ्यांनी थांबते, हाताने थांबते, मधेच सुपारी कातरते. कागदाला हात नाहीत. कागदावर पूर्णविरामच द्यावा लागतो. किती लांब वाक्य चालते ते ओळखायला गुरुजींनी सोपी युक्ती सांगितली. उभे राहून मोठ्याने वाचायचे. जिथे श्वास पुरत नाही, तिथे तोडायचे. मी माझ्यापुरते ठरवले आहे की एका वाक्यात दोनपेक्षा जास्त 'आणि' आले की कात्री लावायची.

आणि लहान वाक्यांना कोणी कमी समजू नका. मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथे तेराव्या शतकात म्हाइंभट यांनी 'लीळाचरित्र' लिहिले. त्यात चक्रधरस्वामींच्या आठवणी आहेत. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ म्हणून त्याला मान आहे. म्हाइंभट संस्कृतचे मोठे पंडित होते, तरी त्यांनी हा ग्रंथ लोकांच्या मराठीत लिहिला. (या वाक्यातला 'तरी' काढून पाहा बरे!) स्वामींना ज्यांनी पाहिले होते, ज्यांनी त्यांचे बोलणे ऐकले होते, अशा लोकांना भेटून, विचारून विचारून त्यांनी एकेक आठवण गोळा केली. गुरुजींनी वर्गात त्यातला थोडा भाग वाचून दाखवला. काही शब्द जुने आहेत, ते समजले नाहीत. पण वाक्ये लहान लहान आहेत, बोलल्यासारखी. हा आला, तो बसला, असे म्हटले, असे विचारले. मी गुरुजींना म्हटले, "मग त्यांनी का नाही जोडली?" गुरुजी म्हणाले, "त्यांना लोकांचं बोलणं जसंच्या तसं ठेवायचं होतं. तुझ्या आबाजींनी सांगितलं तसं."

मी त्यावर खूप विचार केला. आबाजींचे बोलणे अर्जात जोडावे लागले, कारण वाचणारा अनोळखी होता आणि त्याला कारण कळायला पाहिजे होते. पण आबाजी पुराची गोष्ट आम्हाला सांगतात, तेव्हा 'पानी आलं. गोठ्यात आलं. गाय हंबरली.' असेच सांगतात, आणि अंगावर काटा येतो. तिथे मी एकही पूर्णविराम पुसणार नाही. गाडगेबाबाही कीर्तनात लोकांना लहान लहान प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत.

आता सोडवायला देते. उत्तरे कागदावर लिहून या भिंतीखालच्या खोक्यात टाका. चांगली उत्तरे पुढच्या अंकात लावू.

१) ही चार वाक्ये दोन वाक्यांत बसवा. डॉ. पंजाबराव देशमुखांचा जन्म १८९८ साली पापळ येथे झाला. पापळ अमरावती जिल्ह्यात आहे. ते १९५२ साली देशाचे कृषिमंत्री झाले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

२) ही दोन वाक्ये तीन वेगवेगळ्या शब्दांनी जोडा आणि दर वेळी अर्थ काय बदलला ते सांगा. आज बाजार आहे. आई लवकर उठली.

३) 'ऊन' लागेल की 'ल्यावर', ते ठरवून जोडा. बाबा वावरातून आले. आजीने भाकर वाढली. बाबा वावरातून आले. बाबांनी हातपाय धुतले.

४) हा प्रश्न शाळेत आलेल्या आई-वडिलांसाठी आहे. कापूस वेचायला माणसे मिळत नाहीत. पोरगी शाळेत जाते. दोन्ही वाक्ये खरी आहेत. 'म्हणून' घेतला तर दुसरे वाक्य बदलावे लागते. 'तरी' घेतला तर बदलावे लागत नाही. कोणता शब्द घ्यायचा ते तुम्ही ठरवा. लिहायला वेळ नसेल तर चौथीच्या वर्गात येऊन तोंडी सांगा, आम्ही लिहून घेऊ.

इयत्ता ४ थी
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा